खटका

डुलूथला एप्रिलात बर्फ वितळतं
तेव्हा पाणी वरून येत नाही, खालून येतं,
तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, चपला हातात घेऊन.

खड्ड्यात पंप आहे. वीज गेली की पंपाला बॅटरी.
बॅटऱ्या दोन, चार्जर एक,
आणि दर रविवारी चिमटे बदलायला
शाल्मली जिना उतरते, फोन खांद्यात दाबून.
निम्मे रविवार विसरते.

म्हटलं, करतो काहीतरी.
"बाबा, विकत मिळतं ते. साठ डॉलरला."
मिळत असेल.
मिरजेच्या एक्स्चेंजात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगणं
म्हणजे सुगरणीपुढे पाकिटातलं पुरण ठेवणं.

शेजारी आर्विड, वय चौऱ्याऐंशी,
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणारा.
त्यानं कॉफीच्या डब्यातून एक रिले शोधून दिला,
कुठल्याशा ट्रकातला, शर्टाच्या बाहीला पुसून.
त्याचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं त्याला पाव.
रिलेबद्दल आम्ही बोटांनीच बोललो:
असा उचलतो, असा बसतो.

एक ट्रान्झिस्टर जाळला. वास घरभर.
कॉइलवर डायोड लावायचा राहिला होता.
कॉइल सोडताना उलटा झटका मारते,
त्याला वाट ठेवावी लागते.
ठाऊक होतं मला. ठाऊक असूनही.
मिहिकानं खिडकी उघडली,
"चालायचंच, आजोबा," माझ्याच सुरात.

तिसऱ्या रात्री जोडलं.
पहिली भरली, चौदा पूर्णांक चार, खट,
चार्जर दुसरीकडे गेला. हात पुसले.
पण सुटल्याबरोबर पहिलीचा आकडा जरा उतरला
आणि सर्किटला वाटलं, अरे, ही तर रिकामी!
खट, परत. भरली. खट. उतरली. खट खट खट खट,
थंडीत दात वाजावेत तसा रिले.
वरून जावई: "खाली सुतारपक्षी शिरलाय का?"

उपाय एका रेझिस्टरचा. एक लाख ओहम,
तांदळाच्या दाण्याएवढा.
तो सर्किटला थोडं हट्टी करतो:
चौदा-चारला सोडलंस ना,
आता बारा-सातच्या खाली गेल्याशिवाय मागे वळायचं नाही.
मधल्या आकड्यांवर मन बदलायचं नाही.

कुमुद नाशिकला, लेकाकडे. तिथलं बाळ लहान.
मी इथे. ऑक्टोबरात ती इथे, मी तिथे.
हे पाचवं वर्ष. वेळापत्रक मुलांनी केलंय,
सगळ्यांच्या सोयीचं आहे, कुणाची चूक नाही.
गेल्या खेपेला मुंबईच्या विमानतळावर
मी उतरलो, ती निघाली,
मध्ये दीड तास मिळाला.
थर्मासमधला चहा. मी तिला माझा जाड कोट दिला, बाह्या दुमडून,
सांगितलं, मायक्रोवेव्हचं तिसरं बटण चालत नाही,
आणि मिहिका कारलं ताटात लपवते.
ती म्हणाली, वाळलास.

रिलेची पट्टी एका टोकावरून दुसऱ्यावर जाते
तेव्हा मध्ये जराशी वेळ
ती कशालाच लागलेली नसते.
एक्स्चेंजात आम्ही ती मोजायचो, मिलिसेकंदांत,
वहीत मांडायचो, खाली सही.

काल रात्री वादळात लाइट गेली.
पंप चालू राहिला.
मी अंधारात जिन्यावर बसून ऐकत होतो.
शाल्मली टॉर्च घेऊन आली, खड्ड्यात वाकून पाहिलं,
माझ्या शेजारच्या पायरीवर टेकली.
"आईला सांगू?"
म्हटलं, तिथे सकाळ आहे, बाळाची अंघोळ असेल, राहू दे.

ती झोपायला गेल्यावर मीच लावला.
रिंग जात होती. जुन्या सवयीनं
पलीकडच्या खटक्यासाठी कान लावून बसलो.
हल्ली तो होत नाही.
एकदम माणूसच बोलतो.